जीएसटी थकलाय, धंदा अडचणीत आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान चालू असलेल्या, पण उधारीत अडकलेल्या धंद्यांसाठी आहे : जॉबवर्कवाले, छोटे फॅब्रिकेटर, दुकानदार, ठेकेदार. खोटी बिलं फाडणाऱ्यांनी थेट वकील गाठावा. इथली कलमं केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ मधली आहेत. महाराष्ट्राच्या कायद्यातही क्रमांक तेच.

पार्टीने मला पैसेच दिले नाहीत. तरी टॅक्स मीच भरायचा?

हो. जीएसटी बिलावर लागतो, वसुलीवर नाही. जूनमध्ये बिल फाडलं की २० जुलैला टॅक्स देय झाला. पार्टी दिवाळीला पैसे देवो किंवा पुढच्या गुढीपाडव्याला, सरकारला त्याच्याशी कर्तव्य नाही. उधारी पूर्ण बुडाली तरी भरलेला टॅक्स परत मिळत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांनंतर बुडीत उधारीवरचा व्हॅट परत मागता येतो. आपल्या कायद्यात तशी सोय ठेवलेलीच नाही. क्रेडिट नोट काढून टॅक्स कमी करू, असं काही जण म्हणतात. क्रेडिट नोट माल परत आला, भाव जास्त लागला किंवा कामात खोट निघाली तर काढायची असते. पैसे बुडाले म्हणून काढलेली टिकत नाही.

पार्टीवर दबाव आणायला मात्र दोन-तीन हत्यारं आहेत आणि ती फारच कमी लोक वापरतात. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट) पार्टीला व्याजासकट उलटवावं लागतं. हे एका साध्या पत्रात लिहून पार्टीच्या मालकाला नव्हे, तिच्या अकाउंट्स विभागाला पाठवा. मालक हसतो, अकाउंटंट दचकतो. दुसरं, तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारे असाल, तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं, त्यासाठी अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुकरता परिषदेकडे अर्ज करता येतो. तिसरं, वेळेत न दिलेली अशी रक्कम आयकरात पार्टीला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. मार्च जवळ आला की हे कारण बऱ्यापैकी चालतं. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला शेवटच्या दोन्हींचा उपयोग नाही.

पैसे नाहीत, पण निदान रिटर्न तरी भरून ठेवू का?

भरता येत नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो विश्वास ठेवत नाही.

समजा, जूनची विक्री १० लाख, टॅक्स १ लाख ८० हजार, क्रेडिट १ लाख २० हजार. रोख भरायचे राहिले ६० हजार. खात्यात आहेत ४०. तुम्ही जीएसटीआर-३बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, उघडता, आकडे भरता, पेमेंटच्या पानावर येता. क्रेडिट लेजरचे १ लाख २० हजार समोर दिसतात, कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात) ४० हजार टाकलेले दिसतात आणि पोर्टल उरलेल्या २० हजारांचं चलन बनवायला सांगतं. ते चलन भरेपर्यंत पुढे जायचा रस्ता नाही. क्रेडिटसुद्धा तोवर वळतं होत नाही. म्हणजे १ लाख ६० हजारांची तयारी असलेला माणूस २० हजारांसाठी रिटर्न न भरणारा ठरतो. एक रुपयाही न देणाऱ्याच्या रांगेत.

त्यानंतरचं चक्र लवकर फिरतं. जूनचं ३बी राहिलं की जुलैचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरता येत नाही. ते नाही म्हणून तुमची बिलं गिऱ्हाइकाच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे त्याच्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाहीत, त्याला क्रेडिट मिळत नाही, तो तुमचं पेमेंट रोखतो. लागोपाठ दोन रिटर्न राहिली की तुमच्या विक्रीचं ई-वे बिल (माल वाहून न्यायला लागणारा ऑनलाइन कागद) बंद. माल तयार, टेम्पो दारात, बिल निघत नाही. टॅक्स भरायला पैसे यायचे ते माल गेल्यावर, आणि माल जायचा तो टॅक्स भरल्यावर.

आमच्या मते या कायद्यातली सर्वांत मोठी गोची हीच आहे. 'देता येत नाही' आणि 'द्यायचंच नाही' यांतला फरक पोर्टलला कळत नाही. कायद्याला कळतो, पण फार उशिरा, मागणीचा आदेश निघाल्यानंतर. मधला काळ तुम्हाला स्वतःच्या हिकमतीवर काढावा लागतो. पुढची बहुतेक उत्तरं त्या मधल्या काळाबद्दलच आहेत.

मग ते ४० हजार खात्यातच ठेवू की भरू?

देय तारखेच्या आत कॅश लेजरमध्ये टाका. जुलै २०२४ मध्ये व्याजाच्या हिशेबाचा नियम ८८बी बदलला. देय तारखेपर्यंत लेजरमध्ये आलेली आणि रिटर्न भरेपर्यंत तिथेच राहिलेली रक्कम आता व्याजाच्या हिशेबातून वगळतात. वरच्या उदाहरणात व्याज ६० हजारांवर न लागता फक्त २० हजारांवर लागेल. तारीख उलटल्यावर टाकलेल्या पैशांना हा फायदा नाही. शिवाय चालू खात्यातले ४० हजार कुणीतरी चेक लावून घेऊन जातं, लेजरमधले राहतात.

व्याज आणि लेट फी किती बसते?

व्याज वर्षाला १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का, तेही फक्त रोख भरायच्या भागावर. ६० हजारांवर ९० दिवसांचे साधारण २,६६३ रुपये. लेट फी दिवसाला ५० रुपये, पण वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००; पाच कोटींपर्यंत ५,०००; त्यापुढे १०,०००. निल रिटर्नला दिवसाला २० रुपये, कमाल ५००.

बाजारात हातउसने दोन-तीन टक्क्यांनी मिळतात, तेव्हा दीड टक्का स्वस्तच, असा हिशेब बरेच जण करतात. आकड्यात बरोबर आहे. पण सावकार तुमचं ई-वे बिल बंद करत नाही. गुंतागुंत व्याजाने होत नाही, रिटर्न राहिल्याने होते. म्हणून २० हजार कमी पडत असतील तर ते कुठूनही उभे करून रिटर्न मोकळं करणं बहुधा परवडतं; दहा लाख कमी पडत असतील तर तोच सल्ला घातक ठरू शकतो.

हप्ते बांधून मिळतात का?

मिळतात, पण तुम्हाला हवे तिथे नाही. कलम ८० खाली आयुक्त जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते देऊ शकतात. अर्ज डीआरसी-२० या फॉर्ममध्ये, आदेश डीआरसी-२१ मध्ये. रक्कम २५ हजारांपेक्षा कमी असेल तर नाही. व्याज चालूच राहतं. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय, पुन्हा नोटीसही नाही.

आणि कळीची अट : तुम्ही स्वतः रिटर्नमध्ये दाखवलेल्या टॅक्सला हप्ते नाहीत. तपासणीत, ऑडिटमध्ये किंवा आदेशाने निघालेल्या मागणीलाच आहेत. म्हणजे प्रामाणिकपणे सगळी विक्री दाखवणाऱ्याला एकरकमी, आणि ज्याची विक्री अधिकाऱ्याने शोधून काढली त्याला २४ महिने. कोविडच्या काळात केरळ उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत मान्य केलेल्या टॅक्सलाही हप्ते दिले होते, पण ते रिट याचिकेत. पोर्टलवर तसा रस्ता नाही.

अर्ज करताना रडगाणं नको, कागद द्या : सहा-बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट, येणं असलेल्या पार्ट्यांची तारखांसह यादी, हातातल्या ऑर्डर, आणि दरमहा नक्की किती भरू शकता तो आकडा. झेपेल तोच आकडा लिहा. २४ हप्ते मिळाले म्हणून खूश होऊन तिसरा चुकवणारे आम्ही कितीतरी पाहिलेत.

रिटर्न भरलंच नाही तर अधिकारी काय करतो?

आधी जीएसटीआर-३ए नोटीस, १५ दिवसांची. मग एएसएमटी-१३, म्हणजे अधिकाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने केलेली आकारणी. हा अंदाज सहसा चढाच असतो, क्रेडिटही धरलेलं नसतं. घाबरू नका. आदेशापासून ६० दिवसांत खरं रिटर्न भरलं, व्याज आणि लेट फी भरली, की तो आदेश आपोआप रद्द होतो. त्यापुढे आणखी ६० दिवस मिळतात, केंद्रीय कायद्याखाली दिवसाला १०० रुपये जादा लेट फी देऊन. याच मुदतीत पैसे उभे करा. नंतर त्या चढ्या आकड्याविरुद्ध अपिलात जावं लागतं.

मासिक रिटर्नवाल्याची सलग सहा महिन्यांची, तिमाहीवाल्याची सलग दोन रिटर्न राहिली तर नोंदणीही रद्द होऊ शकते. ती परत चालू करायला आदेशापासून ९० दिवस, कारण पटल्यास आणखी १८० दिवस. आणि देय तारखेपासून तीन वर्षं उलटली की रिटर्न भरायचं दारच बंद होतं.

मला नोटीस आलीच नाही, एकदम आदेश कसा?

पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने पोहोचलेली धरतात. ती नेहमीच्या 'नोटिसेस अँड ऑर्डर्स' खाली नसून 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' या टॅबमध्ये पडून असते आणि तिथे कुणी फिरकत नाही. नोंदणीच्या वेळी ज्या सल्लागाराचा ईमेल आणि मोबाइल दिला तो कधीच सोडून गेलेला असतो, ओटीपी आणि सूचना त्याच्याकडे जात राहतात. आज बसून दोन्ही बदला. महिन्यातून एकदा दोन्ही टॅब स्वतः उघडा.

बँक खातं सील झालं. आता?

आधी बँकेकडून पत्राची प्रत घ्या आणि त्यावरचा फॉर्म नंबर बघा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

डीआरसी-१३ असेल तर ती कलम ७९ खालची वसुली आहे. आदेश झालेला आहे, तीन महिन्यांची मुदत संपलेली आहे आणि विभाग बँकेला 'याचे पैसे आम्हाला द्या' म्हणतोय. हेच पत्र तुमच्या गिऱ्हाइकालाही जाऊ शकतं आणि ते जास्त झोंबतं, कारण पैशांबरोबर बाजारातली पतही जाते. इथे उपाय तीन : रक्कम भरा, अपील करा, किंवा हप्त्यांचा अर्ज द्या. खातं अंशतः मोकळं करावं म्हणून पगाराची यादी आणि वीजबिल जोडून लेखी विनंती करा. खातं बंद राहिलं तर धंदा मरेल आणि वसुलीही होणार नाही, हे अधिकाऱ्यालाही कळतं. ऐकणारे अधिकारी आहेत. तोंडी विनंतीवर मात्र कुणी सही करत नाही.

डीआरसी-२२ असेल तर ती कलम ८३ खालची तात्पुरती जप्ती. मागणी अजून ठरलेलीच नाही. हिची मुदत एक वर्ष. हरकत डीआरसी-२२ए मध्ये घेता येते आणि आयुक्तांनी तुमचं म्हणणं ऐकायचं असतं. राधाकृष्ण इंडस्ट्रीज प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार कठोर ठरवून सांगितलं की महसूल वाचवायला दुसरा इलाज नाही अशी ठोस सामग्री असल्याशिवाय तो वापरू नये. कॅश क्रेडिट खातं सील झालं असेल तर आणखी एक मुद्दा आहे : त्यातले पैसे बँकेचं कर्ज असतं, तुमची मालमत्ता नव्हे. मुंबई आणि गुजरात उच्च न्यायालयांनी हे मान्य केलं आहे.

आदेशानंतर तीन महिने थांबावं लागतं ना?

कलम ७८ प्रमाणे हो. त्याआधी वसुली करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. ३० मे २०२४ च्या सूचनेत केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने बजावलं की असा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांनीच घ्यायचा, आणि करदात्याची आर्थिक स्थिती, धंद्याची वस्तुस्थिती पाहून घ्यायचा. गंमत अशी की धंदा लवकरच बंद पडेल किंवा दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होतेय, हेच घाईने वसुली करण्याचं कारणही त्याच सूचनेत दिलं आहे. तेव्हा सुनावणीत 'साहेब, सगळं संपलं' हे वाक्य टाळा. 'अडकलंय, या तारखेला इतके येतील' असं बोला.

तपासणीला आले आणि 'आत्ताच्या आत्ता भरा' म्हणाले.

झडतीच्या वेळी जबरदस्तीने वसुली करायची नाही, असं याच मंडळाच्या २५ मे २०२२ च्या सूचनेत स्पष्ट आहे. स्वखुशीने डीआरसी-०३ या फॉर्मने भरता येतं, इतकंच. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये राधिका अग्रवाल प्रकरणात दमदाटी करून घेतलेल्या रकमेबद्दल नापसंती नोंदवली. सीएला फोन करू द्या म्हणा, आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका.

अपील केलं तर वसुली थांबते का?

थांबते. वादातल्या टॅक्सच्या १० टक्के भरायचे, उरलेल्याची वसुली आपोआप स्थगित. मुदत तीन महिने, वर एक महिना सबळ कारण असेल तर. चार महिने उलटल्यावर अपील अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. कबूल असलेला भाग मात्र पूर्ण भरावा लागतो.

अटक होईल का?

निव्वळ उशीर झाला म्हणून नाही. गिऱ्हाइकाकडून टॅक्स गोळा केला आणि देय तारखेपासून तीन महिन्यांनंतरही भरला नाही, तर कलम १३२ लागू शकतं. तेही रक्कम दोन कोटींच्या वर असेल तर. पाच कोटींच्या वर तो अजामीनपात्र गुन्हा होतो. या पानाच्या बहुतेक वाचकांचा आकडा त्यापासून बराच दूर असावा.

माझं राहतं घर जाईल का?

प्रोप्रायटर असाल तर धंदा आणि तुम्ही कायद्याने एकच. घर, प्लॉट, गाडी, सगळं वसुलीच्या आवाक्यात येतं. जमीन महसुलाची थकबाकी म्हणून जिल्हाधिकाऱ्यामार्फतही वसुली होते. भागीदारीत प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला जबाबदार. बाहेर पडलेल्या भागीदाराने एका महिन्यात आयुक्तांना कळवलं नाही, तर कळवेपर्यंतच्या थकबाकीला तोही बांधील राहतो. काही वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या भावाला नोटीस येते ती यामुळे. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये कंपनीकडून वसुली झाली नाही तर त्या काळातले संचालक जबाबदार धरले जातात, आणि आपला गंभीर निष्काळजीपणा किंवा कर्तव्यात कसूर नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी संचालकावरच असते. 'मी फक्त सहीपुरती संचालक होते' म्हणणाऱ्या वहिनींना याचा फार त्रास होतो.

घाईघाईने घर बायकोच्या नावावर करू नका. देणं टाळायला केलेलं हस्तांतर कलम ८१ प्रमाणे रद्दबातल ठरतं.

दिवाळखोरी जाहीर केली तर सुटका?

कंपनी आणि एलएलपीसाठी २०१६ ची दिवाळखोरी संहिता आहे. प्रक्रिया सुरू झाली की वसुली थांबते. कंपनी सावरण्याच्या मंजूर योजनेत नसलेली सरकारी देणीही संपतात, असं घनश्याम मिश्रा प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. प्रोप्रायटर आणि साध्या भागीदारीला या संहितेचा तो भाग अजून लागूच केलेला नाही. त्यांच्यासाठी मुंबईत १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा, असे इंग्रजांच्या काळचे कायदे आहेत. १९२० च्या कायद्याखाली कोर्टाने मुक्त केलं तरी सरकारचं देणं सुटत नाही. म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांच्यासाठी हे दार जवळपास बंदच.

बँकेचं कर्ज आणि जीएसटी, आधी हक्क कुणाचा?

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवलं की बँकेने आपलं तारण केंद्रीय तारण नोंदवहीत नोंदवलं असेल तर २४ जानेवारी २०२० पासून तिचा हक्क राज्याच्या करथकबाकीच्या आधी. त्या तारखेपूर्वीच विभागाने जप्ती करून तशी जाहीर नोटीस दिली असेल तर गणित बदलतं.

थोडेच पैसे आहेत. आधी काय भरू?

आमचा क्रम : कामगारांचा पगार आणि त्यांच्या पगारातून कापलेला पीएफ, मग कापलेला टीडीएस, मग जीएसटी, मग स्वतःचा आयकर. पहिले तिन्ही दुसऱ्याचे पैसे तुमच्या हातात आलेले असतात, त्यामुळे तिथे कायदाही जास्त कडक. आयकर नफ्यावर असतो आणि त्याच्या मागणीला हप्ते मागता येतात. बँकेचा हप्ता यात कुठे बसवायचा ते तारण काय दिलंय त्यावर ठरवा.

अभय योजना येईपर्यंत थांबू का?

नको. महाराष्ट्राने २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये अशा योजना आणल्या, पण त्या व्हॅट, विक्रीकर वगैरे जीएसटीपूर्व करांच्या थकबाकीसाठी. २०२३ च्या योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ आणि ५० लाखांपर्यंत २० टक्के भरून मोकळं, इतकी सैल होती. वेळेवर भरणारे व्यापारी त्यावर चिडले आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. जीएसटीत कलम १२८ए खाली २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांचं व्याज आणि दंड माफ झाला, तो मूळ टॅक्स पूर्ण भरणाऱ्यांनाच. ती मुदत २०२५ मध्ये संपली.

धंदाच बंद करतो, नोंदणी रद्द करतो. मग?

जुनी देणी रद्द होत नाहीत. शिल्लक मालावरचं क्रेडिट उलटवा, तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरा. ते राहिलं म्हणून पुढे वर्षभराने नोटीस येते आणि तोवर शटरला दुसऱ्याचं कुलूप लागलेलं असतं.

मी चालू दुकान विकत घेतोय. आधीच्या मालकाचा जीएसटी माझ्यावर येईल?

धंदा जसाच्या तसा घेत असाल तर येईल. कलम ८५ प्रमाणे हस्तांतराच्या तारखेपर्यंतच्या देण्याला दोघंही जबाबदार, मागणी नंतर निघाली तरी. टोकन देण्याआधी त्याच्यासमोर त्याचं लॉगिन उघडून लायबिलिटी लेजर आणि दोन्ही नोटिसांचे टॅब बघा. तो लॉगिन दाखवायला कां-कूं करत असेल तर टोकन देऊ नका.